निशाणावरची चार अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना गुन्हेगार आहे. दिसायला मात्र भिंतीवर टांगायचा विणलेला पडदा! माझ्यावर चीनचा बादशहा आहे, छत्र्या आहेत, माकडं आहेत, अननससुद्धा आहेत. लोक बघून वाहवा करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म फ्रान्समधल्या ओब्यूसाँ गावी, मार्सियाल नावाच्या विणकराच्या मागावर झाला. त्या बापड्याने चीन सोडाच, समुद्रही पाहिला नव्हता. नमुन्याच्या चित्रात बादशहाचं निशाण कोरं होतं. मार्सियालला ते ओकंबोकं वाटलं, म्हणून काळ्या लोकरीने त्याने तिथे चार अक्षरं विणली.

"हे काय गिरबटलंत हो?" मागासाठी लोकरीच्या कांड्या भरता भरता त्याच्या बायकोने विचारलं.

"चिनी आहे."

"अगबाई! तुम्हाला कधीपासून चिनी यायला लागलं?"

"गप गं! इथे कोण येतंय वाचायला?"

मीही मनातल्या मनात हसलो. तेच माझं पाप.

पुढे लिआँ शहरातल्या मादाम पेराशाँनी मला दिवाणखान्यात लावलं. एके दुपारी पाद्रीबाबा लिनला घेऊन आले. लिन खराखुरा चीनचा. आठव्या वर्षी पाद्र्यांबरोबर इकडे आलेला, आता विशीतला. पंधरा दिवसांनी जहाजाने तो आईकडे परत निघणार होता.

"वाचा ना, काय लिहिलंय?" मादाम कौतुकाने म्हणाल्या.

लिन जवळ आला. एकेका अक्षरावरून बोट फिरवू लागला. मग पुन्हा पहिल्या अक्षरापासून.

"आईने शिकवली होती अक्षरं," तो पुटपुटला. "एकही ओळखू येत नाही."

"कमाल आहे! स्वतःचीच भाषा विसरलात?" मादाम हसल्या.

अरे, ती अक्षरं नाहीतच! मला ओरडायचं होतं. पण लोकरीला कुठलं तोंड?

पुढच्या आठवड्यात पाद्रीबाबा मादामना सांगत होते, "जायला तयारच नाही तो. म्हणतो, आईची भाषा विसरलो, तिला काय तोंड दाखवू?" जहाज लिनशिवाय गेलं.

तेव्हापासून तो दर रविवारी माझ्यासमोर कागद घेऊन बसू लागला. विसरलेलं पुन्हा शिकायचं म्हणून ती चार अक्षरं गिरवायचा. काही महिन्यांत त्याला ती न बघता काढता यायला लागली. केवढा आनंदला होता तो!

मित्रांनो, दुसऱ्याच्या घरचं ठाऊक नसेल तर जागा कोरी सोडा हो. मला आज कोणी धागा न् धागा उसवलं, तरी लिनच्या बोटांतून ती अक्षरं निघायची नाहीत.