समोर चित्र, मागे बारीक अक्षरं

दमले रे बाळांनो. बसा जरा, म्हणजे मलाही टेकता येईल. मी एक जुनं भिंग आहे. भिंग कसलं, बाईच म्हणा. सगळा जन्म एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हातात गेला, मग दुसरं काय होणार?

घरात तिला आत्या म्हणतात. सुईत दोरा ओवायला तिनं मला आणलं. तेव्हा मी सुईचं भोक एवढं मोठं करून दाखवायचे की त्यातून बैलगाडी जावी आणि गाडीवानानं शीळही घालावी. खोटं वाटतं? आत्याला विचारा. तीही हेच खोटं सांगेल.

मग एकदा गवतात बसलेल्या आत्याला गोचीड चावली. जीव मुगाएवढा, दणका हत्तीचा! डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "त्या चाव्यानं ॲलर्जी जडलीय. गाय, बकरी, डुक्कर, कुणाचंच मांस आता चालणार नाही. कोंबडी, मासे खा. पण गोड जपून हं. जिलेटिन त्याच जनावरांच्या हाडाकातड्याचं असतं. आणि त्रास लगेच होत नाही, काही तासांनी उठतो."

मांसाचं आत्याला काही नव्हतं. पण डब्यातलं पुडिंग, जेली, मूस! "त्यापेक्षा वहिनीशी भांडणं सोडेन," ती म्हणाली.

"बोललात वन्सं, आता फिरू नका," वहिनी म्हणाली.

तेव्हापासून माझी दुसरी नोकरी. दुकानातल्या थंड कपाटापुढे उभं राहायचं, काचेवर धुकं धरायचं आणि मुंगीनं लिहावीत तसली अक्षरं वाचायची. जिलेटिन दिसलं की डबा परत. समुद्री शेवाळाचं अगर असलं की आत्या मला गालाला लावायची. कौतुक कुणाला नको? पण डोळे पार शिणले माझे.

मग दादानं, आत्याच्या भावानं, शक्कल काढली. पास झालेल्या डब्याचं चित्र कापून घरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं. दुकानात जाताना त्याचा फोटो घ्यायचा, जुळलं की उचलायचं. दाराची आतली बाजू रंगीत झाली, आणि मी खणात, रबरबँड आणि मेलेल्या पेनांच्या शेजारी. खरं सांगू? मला बरंच वाटलं. झोपले.

आत्याच्या वाढदिवसाला दादानं स्ट्रॉबेरी मूस आणलं. चित्र जुळलं होतं, अगदी पानावरच्या थेंबासकट. दुपारी तिनं दोन वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या. संध्याकाळी अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. वहिनीनं डॉक्टरीणबाईंनी देऊन ठेवलेलं इंजेक्शन तिच्या मांडीत टोचलं आणि गाडी काढायला धावली.

त्या दोघी दवाखान्यात गेल्यावर मागे राहिलेल्या दादानं खण उपसला. माझी काच शर्टाला पुसली, डबा उलटा केला. चित्र तेच होतं. मागे अगरच्या जागी जिलेटिन आलं होतं. दादानं तो शब्द माझ्याकडून दहा वेळा वाचून घेतला.

आत्या वाचली. घरी आली ती आधी कपाटाशी गेली आणि एकेक चित्र सोलून काढलं. दादा मान खाली घालून उभा. ती म्हणाली, "रडतोस काय? भिंग आण. आणि दुकानात चल, माझा वाढदिवस अर्धाच झालाय."

तर मित्रांनो, मी पुन्हा कामावर आहे, तिच्या गळ्यात, शिवणाच्या टेपशेजारी. डबा ओळखीचा असला तरी दर वेळी पालथा करा. आणि वाचून झालं की मला पुसत जा रे. डोळ्यात क्रीम गेलं की मला जिलेटिन कसं दिसायचं?