जाहिरात लांबली की वाजणारी

मी टेबलावरची एक छोटी घंटी बोलतेय. वर बटण, खाली पितळेची टोपी आणि आवाज एवढासाच, ‘टिंग’.

माझी उमेदीची वर्षं नृसिंह सरांच्या टेबलावर गेली. सर मुख्याध्यापक होते. मी वाजले की शिपाई भीमा हातातलं काम टाकून यायचा, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच असायचे. पुढे सर निवृत्त झाले, मला सावेडीच्या घरी घेऊन आले, आणि मी सेल, खिळे नि जुन्या किल्ल्यांच्या खणात जाऊन पडले. वाटलं, संपलं आपलं बोलणं.

सरांची मुलगी निवेदिता सॉफ्टवेअर बनवते. नगर जिल्ह्यात हेच काम करणाऱ्यांचं ती दरवर्षी संमेलन भरवते. मागच्या वर्षी मात्र फजिती झाली. खर्च उचलणाऱ्या कंपन्यांचे वक्ते आपल्याच मालाचे गोडवे गात बसले आणि जेवणानंतर निम्मं सभागृह रिकामं झालं. यंदा सेल शोधताना मी तिच्या हाताला लागले.

“बाबा, ही नेऊ? दोन मिनिटांच्या वर जाहिरात झाली की वाजवायची.”

“ने की,” सर म्हणाले. “पण सगळ्यांना सारखी वाजव. ते जमणार नसेल तर नेऊ नकोस.”

तिने सगळ्या वक्त्यांना नियम आधीच कळवला.

संमेलनात सकाळी दोघांसाठी मी वाजले. लोक हसले, वक्तेही हसले. मग अनिमेष उभा राहिला. सभागृह आणि जेवण, दोन्ही त्याच्याच कंपनीच्या खर्चाने. चार मिनिटं झाली तरी पडद्यावर कंपनीची बक्षिसं, कंपनीचे ग्राहक, कंपनीची नवी इमारत. निवेदिताचं बोट माझ्यावर होतं, पण दाबत नव्हतं. पुढच्या वर्षी यांनी पाठ फिरवली तर? मागच्या रांगांत मोबाईल बाहेर निघाले. तिने मला दाबलं.

टिंग!

या वेळी कुणी हसलं नाही. अनिमेष घोटभर पाणी प्याला.

“नियम माहीत होता मला,” तो म्हणाला. “पण वाटलं, आमच्यासाठी नाही वाजणार.” मग लोकांकडे बघून त्याने विचारलं, “बरं, तुम्हाला काय ऐकायचंय?”

तिसगावच्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर एकटीने सांभाळणारी रेश्मा उठली. “सर, आमच्याकडं दूध घालायच्या टायमालाच नेट जातं. मग एकच नोंद दोनदा पोचती अन् लोकं माझ्याशी भांडत्यात. तुमच्याकडं असं हुतं का?”

“होतं ना! आमच्या तर तीन दिवस लक्षातच आलं नव्हतं.”

त्याने पडदा बंद केला आणि फळ्यावर चित्र काढलं. प्रत्येक नोंदीला जागेवरच वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने, म्हणजे मुख्य संगणकाने, ती नोंद सोडून द्यायची. हे सुचेपर्यंत काय काय चुकलं, तेही त्याने सांगून टाकलं. प्रश्नांवर प्रश्न आले. चहाची वेळ टळून गेली, तरी मला कुणी हात लावला नाही.

नंतर त्याच्याभोवती उभं राहायला जागा नव्हती.

“हे मला बी करता येईल, का तुमचंच घ्यावं लागंल?” रेश्माने रोखठोक विचारलं.

“तुम्हालाही येईल. अडलं तर फोन करा,” असं म्हणत त्याने नंबर दिला. जाताना निवेदिताला म्हणाला, “पुढच्या वर्षी मलाच बोलवा. पण स्लाइड आणणार नाही.”

संध्याकाळी निवेदिता आभार मानायला उभी राहिली आणि संमेलन भरवणाऱ्या आपल्या ग्रुपचं कौतुक करत सुटली. ग्रुपला किती वर्षं झाली, किती सदस्य झाले, अजून कोणी कोणी यायला हवं. रेश्मा हळूच पुढे आली आणि तिने मला दाबलं. सभागृह हसून लोटपोट. सर्वांत जास्त निवेदिताच हसली.

आता मी फ्रिजवर असते. चहा हवा असला की सर मला वाजवतात. कुणी येत नाही, मग स्वतःच आधण ठेवतात. मी मजेत आहे. एवढंच मागणं, चार माणसांपुढे बोलायला उभे राहिलात तर त्यांना काय हवंय तेही विचारा. वाजायला मी तयार असतेच, पण खरं सांगू? गप्प राहायला मिळालं की मला जास्त बरं वाटतं.