मारुतीपासून मांडवापर्यंत

"पप्पा, तुम्ही तुमच्या लग्नात नाचले होते का?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणींनी, अदीबा आणि मोनिकानं लावली होती. "तू काय विचारतीस! पप्पांसमोर तुझा आवाजच म्यूट होतो," अदीबा म्हणाली होती. तिचं खरं होतं, पण मागच्या महिन्यापर्यंत. वक्तृत्वात ट्रॉफी आणल्यापासून मी कुणालाच भीत नाही. पालीला सोडून.

पप्पांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि तिथंच विसरले. "मी? आपल्या घरात कुणी नाचत नसतं!"

याच वाक्यानं माझा गॅदरिंगचा डान्स अडवला होता. उद्या मॅडमना नाव द्यायचा शेवटचा दिवस.

"मग लग्नाची सीडी लावू," मी म्हणाले.

लग्न खुलताबादजवळ, आईच्या गावात झालेलं. सीडीत नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला जातात, नारळ फुटतो, आणि चर्रर्र! चित्राचे चौकोन होतात आणि एकदम मांडवच येतो. आई हार घेऊन उभी, चेहऱ्यावर नुसता जाळ. मारुतीपासून मांडवापर्यंतचं पप्पांचं आयुष्य मी कधी पाहिलेलंच नव्हतं.

"डिस्कवर चरे पडलेत. टाकून दे," पप्पा म्हणाले. जरा जास्तच खुशीत.

मी डिस्क ट्यूबलाइटखाली धरली. पप्पा ती तवा पुसल्यासारखी गोल गोल पुसायचे. मी मऊ फडक्यानं मधून कडेकडे सरळ पुसली. तरी चर्रर्र. मग आईची भजनाची डिस्क लावली. बुवा "विठ्ठ... विठ्ठ... विठ्ठ..." करत राहिले, पुढचा 'ल' काही येईना.

"बघा! दोन्ही डिस्क अडखळतात. म्हणजे दोष प्लेअरचा."

"मग प्लेअर टाकून दे," पप्पा म्हणाले.

मी बोर्डातून प्लेअरची पिन काढली आणि पेचकस आणला.

"अगं, करंट लागंल!"

"पिन काढलीय, पप्पा."

झाकण उघडलं. आत अक्षतांचे दाणे, झेंडूची वाळलेली पाकळी, आणि डिस्क वाचणारी ती इवलीशी काचेची लेन्स पार लालभडक. कुंकू!

"हे आत कसं गेलं?" मी विचारलं.

"खंडेनवमीच्या पूजेत पप्पा घालतात की दरवर्षी," आई म्हणाली. "टीव्हीला, मिक्सरला बाहेरून लावतात, पण याचा ट्रे उघडून आत."

"ट्रे उघडतोय तर बाहेरून कशाला?" पप्पा म्हणाले. "देव काय बाहेर बसतो व्हय?"

कोरड्या इअरबडनं मी लेन्स अलगद पुसली. दाणे वेचले, झाकण लावलं, पिन बसवली आणि लग्नाची सीडी पुन्हा लावली.

नारळ फुटला. चर्रर्र नाही. नवरदेव घोड्यावरून सरकन खाली उतरले. दोन्ही हात वर, डोळे मिटलेले, आणि कमरेला असा झटका की बाशिंग कानावर आलं! बँडवाला दम खायला थांबला, तर नवरदेवांनी त्याचे खांदे धरून हलवले, वाजव म्हणून. मागं घोडा बिचारा थोडा वेळ थांबला आणि एकटाच चालायला लागला.

पुढं मांडवाचं दार. आजी आरतीचं ताट घेऊन उभी, समोर रिकामा घोडा.

"तरी म्हणलं एवढा उशीर का झाला!" आई कमरेवर हात ठेवून उठली. "तुम्ही म्हणले, घोडा बिथरला! आत्तापर्यंत त्या मुक्या जनावराला शिव्या दिल्या मी. तो तर टायमावर आला होता!"

"बँड लई भारी होता, सुरेखा," पप्पा अगदी बारीक आवाजात म्हणाले.

टीव्हीवर नवरदेव अजून नाचतच होते. मी टीव्हीच्या आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"आई, पप्पा, उद्या मी मॅडमना नाव देतेय. मी गॅदरिंगला नाचणार. आणि पहिल्या रांगेत!"