छोटं पिंप आणि मेन जेट

माझ्या नवऱ्याने चोपन्न वर्षांच्या संसारात एकदाच पोटमाळ्यावर पाय ठेवला, आणि माझ्या आईचं व्हिनेगर मोटरसायकलच्या टाकीत ओतून आला. आता बोला!

पण आधी गाडीचं सांगते. गाडी माझी. नेरिनोची नाही, सासऱ्यांची नाही, माझी. एकशे पंचाहत्तर सीसीची लाल मोरिनी. सोळाव्या वर्षापासून मी बोलोन्याजवळच्या एका कारखान्यात कार्बोरेटर जोडत होते, त्या पगारातून घेतलेली. मी तिच्यावर बसून वर घाटापर्यंत जायची, तेव्हा गावातल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या आणि फटीतून बघायच्या. मग लग्न झालं आणि तिसऱ्या महिन्यात गाडी रुसली. सुरू व्हायची, पण रेस दिली की खोकायची आणि गपकन मरायची. नेरिनो म्हणाला, "इंजिन गेलं गं. राहू दे आता." मला दिवस गेले होते, उलट्यांनी जीव नकोसा झाला होता, सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. राहू दिलं. गाडी कोठारात गेली, तिच्यावर गवताचे भारे चढले. दिवसाला दोनशे कार्बोरेटर जोडणारी बाई मी, घरचा एक उघडून बघितला नाही! नवऱ्यावर विश्वास ठेवला, दुसरं काय.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं, "आर्जियाबाई, ऑक्टोबरात तुमचं लायसन्स संपतंय. हा उजवा डोळा बघून मी पुन्हा सही करणार नाही." म्हणजे हा माझा शेवटचा उन्हाळा. जूनमध्ये एका रविवारी आमच्या चर्चसमोर मोटरसायकलींना आशीर्वाद देतात. आमचा पाद्री डॉन इवानो पाणी शिंपडतो, मग सगळी फौज फटफटत बारवर जाते. त्या आठवड्यात सोमवारी जेवताना मी जाहीर केलं, "रविवारी मी माझ्या गाडीवरून जाणार."

नेरिनोचा काटा हवेतच राहिला. "अगं, शहात्तरची झालीस तू."

"आणि तू अठ्ठ्याहत्तरचा. म्हणून तू मागे बस."

"पण तिचं इंजिन गेलंय ना!"

"गेलेलं परत आलेलं दिसतंय. सकाळी किक मारून बघितली मी, चांगला दाब आहे. काम आहे ते सगळं पेट्रोलच्या वाटेचं. टाकी, कॉक, नळ्या, कार्बोरेटर."

"मग कार्बोरेटर मी करतो," तो घाईघाईने म्हणाला.

ज्याला बल्ब बदलायला शिडी आणि शेजारी दोन्ही लागतात, तो म्हणे कार्बोरेटर करणार! मी म्हटलं, "तू टाकी कर. माझ्या मनगटांना ती हलवणं झेपत नाही. कार्बोरेटर माझा." आणि त्याच दुपारी तो काढून मी स्वयंपाकघरातल्या खणात ठेवला, कुलूप लावून. नेरिनो दोन दिवस त्या खणाभोवती घुटमळत होता. मला वाटलं, बिस्किटं शोधतोय.

नळ्या वाळक्या मकरोनीसारख्या झाल्या होत्या, हातात घेतल्या की तुटत. कॉकमधलं बूच आक्रसलेलं. टाकीचं झाकण उघडलं तर आत नुसता लाल गंज, आणि कुजक्या पेट्रोलचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी. हे काम नेरिनोने आपल्या पत्त्यांच्या जोडीदाराला, लेआर्कोला, हाताशी घेऊन सुरू केलं. टाकीत व्हिनेगर आणि मूठभर स्क्रू घालायचे आणि ती सिमेंट कालवायच्या यंत्रात गोधडीत गुंडाळून फिरवायची. पद्धत बरोबर. बेअक्कल माणसाच्या हातात गेली, एवढंच.

गुरुवारी बाजारातून येते तर अंगणात यंत्र घरघरतंय आणि त्याच्याभोवती गावातल्या निम्म्या गांधीलमाश्या. लेआर्को सावलीत बशी घेऊन बसलेला. बशीत चीजचे तुकडे, त्यांवर काळे थेंब.

"आर्जिया, काय लागतंय गं हे! गंज काढायच्या व्हिनेगरला इतकी चव?"

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. "नेरिनो! व्हिनेगर कुठून आणलंस?"

"तळघरातलं कमी पडेलसं वाटलं, म्हणून पोटमाळ्यावरून आणलं."

"कुठल्या पिंपातलं?"

"सगळ्यात छोट्या!" छाती फुगवून सांगतोय. "मी काय एवढा मूर्ख आहे, मोठ्याला हात लावायला?"

अरे देवा! मोदेनाकडे मुलगी जन्मली की आई पोटमाळ्यावर पिंपांची रांग मांडते, मोठ्यापासून छोट्यापर्यंत, आणि लग्नात ती मुलीबरोबर सासरी येते. कढवलेला द्राक्षरस मोठ्यात पडतो आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा पुढच्या पिंपात सरकत जातो. सगळ्यात छोट्यात असतं ते सगळ्यात जुनं. माझ्या छोट्या पिंपात माझ्याच वयाचं व्हिनेगर होतं. वर्षाला एक लहान बाटली काढायचे, तीही नाताळात, हात आखडून. पुरुषांनी पोटमाळ्यावर जाऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही आमच्याकडे, पण आजवर कुणाची टापही नव्हती. त्यामुळे या गृहस्थाला रांगेचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे, काही ठाऊकच नाही. आठ लिटर ओतलं मेल्याने!

"मला वाटलं, जुनं होऊन घट्ट झालंय, टाकायचंच असेल," तो पुटपुटला.

मी पायरीवर बसले आणि रडले. हो, रडले, त्यात लाजायचं काय? आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं माझ्याकडे. लेआर्को हळूच बशी पाठीमागे लपवायला लागला. "इकडे आण ती," मी ओरडले, आणि उरलेलं चीज मीच खाल्लं. इतकं चांगलं ते आजवर कधीच लागलं नव्हतं, म्हणून आणखी रडले.

त्या पाकाने टाकीचा गंज सुटला नाही तो नाहीच, उलट आत सगळं चिकट. मी नेरिनोशी बोलणंच टाकलं. त्याने एकट्याने चौदा बादल्या गरम पाणी ओतून टाकी धुतली, मग तळघरातलं साधं व्हिनेगर घालून पुन्हा फिरवली, मग सोड्याने धुतली, उन्हात कोरडी केली, आतून तेलाचा हात फिरवला. नाकावर गांधीलमाशी चावली तरी हूं नाही की चूं नाही. शनिवारी सकाळी टाकी आतून चकचकीत झाली होती. माझा राग निम्मा उतरला, पण मी तसं दाखवलं नाही.

दुपारी मी कार्बोरेटर खणातून काढला. टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि एकेक भाग कारखान्यातल्या क्रमाने मांडत गेले. खालच्या वाटीत हिरवा चीक साचलेला. फ्लोट, त्याची सुई, छोटा जेट. आणि मग हात थांबला. मेन जेटची, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या त्या भोकाच्या पितळी स्क्रूची, जागा रिकामी.

मेन जेट आपणहून पडत नाही. पडलाच तर वाटीत पडतो. वाटीत चीक होता, जेट नव्हता. आणि तो नसला की पेट्रोल लोटतं, रेस दिली की गाडी खोकते आणि गुदमरून मरते. चोपन्न वर्षांपूर्वीचा तो खोकला मला लख्ख ऐकू आला.

सासूबाईंना जेट आणि बटण यातला फरक कळत नव्हता. मी तो फक्त एका माणसाला दाखवला होता, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात, मोठ्या तोऱ्यात. "हा बघ, एवढासा. हा काढला ना, की गाडी कुठे म्हणून जायची नाही."

लाटणं घेऊन धावायला हवं होतं. पण मला चेष्टा सुचली. मी मोठ्याने हाक मारली, "नेरिनो! यातला एक जेट हरवलाय रे. दुकानं आता उघडणार सोमवारी. म्हणजे संपलं. आता या जन्मी काही मी त्या गाडीवर बसत नाही." त्याचा चेहरा पांढराफटक. "मी वर जाते, पिंपात काय उरलंय ते बघायला. तासभर लागेल. फडक्याला हात लावू नकोस."

मी मुद्दाम मधली जागा सोडून ठेवली होती, जेटच्या मापाची.

पिंपात दोन बोटं उरलं होतं. मी तिथे बसून राहिले. खाली पावलं वाजली, आमच्या खोलीतलं कपाट करकरलं, मग बराच वेळ काहीच नाही. तास झाल्यावर मी खूप मोठ्याने खोकले आणि जिना उतरले.

फडक्यावर, बरोबर त्या जागी, मेन जेट. पितळ नव्या नाण्यासारखं चमकत होतं. घासून घासून ठेवलेलं. नेरिनो खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभा.

"सापडला वाटतं," मी म्हटलं.

तो वळला नाही. "तू घाटात जायचीस आणि अंधारून आल्यावर यायचीस. मला रोज वाटायचं, आज काही ही परत येत नाही."

"मूर्खा! जायचंच असतं तर बसने गेले नसते का?"

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही," तो म्हणाला. मला हसू आलं आणि त्याला चेचावंसंही वाटलं, दोन्ही एकदम. चोपन्न उन्हाळे, हो! मी जेट बसवला, वाटी आवळली, नव्या नळ्या चढवल्या. संध्याकाळी तिसऱ्या किकला गाडी बोलली.

रविवारी चर्चसमोर मी पुढे, नेरिनो मागे, नाक सुजून टोमॅटो झालेलं. टाकीच्या झाकणाभोवती अजून दोन गांधीलमाश्या घिरट्या घालत होत्या. डॉन इवानोने त्यांनाही आशीर्वाद दिला. मग सगळ्या गाड्या डावीकडे बारकडे वळल्या. मी उजवीकडे वळले.

"अगं, बार तिकडे!" नेरिनो ओरडला.

"ठाऊक आहे."

"मग कुठे चाललीस?"

"घाटात. अंधारून आल्यावर येईन."

मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आणि मी?"

"तू आहेस ना मागे. घट्ट धर."

त्याने दोन्ही हातांनी माझी कंबर धरली. मी रेस दिली, आणि गाडी खोकली नाही.