मावशीची थोरली जाव

तामलवाडीच्या पुढं निजामाचं राज्य संपायचं. पलीकडच्या इंग्रजी मुलखात मावशीकडं मी सुट्टीभर तिथलीच होऊन राहिले, तिथल्या पोरींशी कानडीत भांडलेसुद्धा! मावशीचं घर लिंबाभोवती बांधलेलं. बुंधा हाच मधला खांब, फांद्यांचीच ओसरीवर सावली.

"घरात झाड?" मी हसले.

"थोरली जाव हाय ती माझी. आदी ती आली, मग म्या!" मावशी म्हणाली.

आमच्याही नव्या घराचं काम चाललेलं आणि अंगणात लिंब होताच. आप्पांना असंच घर बांधायला सांगायचं म्हणून गाडीतून उतरले ती पळतच घरी आले. अंगण उघडं पडलं होतं.

"शिवकांते, वर बघ," आप्पा कौतुकानं म्हणाले. "तुझ्या अभ्यासाच्या खोलीला आपल्याच लिंबाची तुळई!"

"लई चांगली झाली, आप्पा."

मावशीच्या घराचं सांगायचं राहिलंच.