सुईची उडी

टेलिफोन एक्स्चेंजच्या टेस्टिंगच्या खोलीत तिला सगळे सुईताई म्हणत. ग्राहकाच्या लाइनवर चिमटा लावून बटण दाबलं की मीटरची सुई एक उडी मारून खाली बसायची. उडी पडली की तार शाबूत आणि टोकाला टेलिफोन जागेवर. सुई हललीच नाही तर तार तुटलेली. वरच राहिली तर तिकडे कुणीतरी रिसीव्हर उचललेला.

कामावर आल्या आल्या तिचा पहिला चिमटा वडिलांच्या लाइनवर लागायचा. तक्रार नसताना हे नियमात बसत नव्हतं, पण तिला हटकणार कोण? आई गेली तेव्हा सुईताई ड्यूटीवर होती आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "यापुढे या घरात फोन करायचा नाही," वडील म्हणाले. बापाचाच हट्टीपणा घेऊन जन्मलेल्या मुलीने तो शब्द तंतोतंत पाळला. फोन केला नाही, चिमटा लावला. घरात म्हातारा एकटा, त्यात हृदय अधू. उडी पडली म्हणून बाप धडधाकट आहे असं होत नाही, हे तिलाही कळत होतं. पण एखाद्या सकाळी सुई वरच राहायची, म्हणजे रिसीव्हर त्याच्या हातात असायचा, आणि मग तिचा दिवस बरा जायचा.

पुढे साहेबांनी यंत्र शोधून काढलं. खोलीतली माणसं त्यांना पाठीमागे शास्त्रज्ञ म्हणत, आता तोंडावरही म्हणू लागली. कपाटाएवढं ते धूड रोज पहाटे आपणहून एकेका लाइनला जोडून घ्यायचं, तपासायचं आणि फक्त बिघडलेल्या लाइनींचे नंबर द्यायचं.

"आणि मुख्य म्हणजे घंटी वाजत नाही," साहेब खुशीत म्हणाले.

"कुठली घंटी?" सुईताईने विचारलं.

"तुम्ही बटण दाबता तेव्हा ग्राहकाच्या घंटीला धक्का बसतो. टिण, एकदाच. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

तिचा जन्म तारेच्या या टोकाला गेला होता. इतकी वर्षं आपण चोरपावलांनी जातोय असं ती समजत होती, आणि रोज दार वाजवत होती.

चिमटे कपाटात गेले आणि तिला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. चांगल्या लाइनींबद्दल यंत्र चकार शब्द काढत नव्हतं, त्यामुळे वडिलांची काही खबरच उरली नाही. तिने कितीदा तरी नंबर फिरवायला घेतला आणि अर्ध्यात सोडला. त्याने आवाज ओळखून फोन आपटला असता, तर ते तिला सोसलं नसतं.

अशाच एका दुपारी तक्रारीचा फोन वाजला.

"माझ्या फोनची घंटी बिघडलीय," पलीकडून म्हातारा आवाज आला. तिने लगेच ओळखला. पण तोंडातून रोजचंच वाक्य आलं.

"फोन आला की वाजत नाही का?"

"तशी वाजते. सकाळी एकदा टिण व्हायचं, ते बंद पडलंय."

"त्याला बिघाड म्हणत नाहीत," ती कशीबशी म्हणाली. "ती चाचणी असायची. आता यंत्र करतं, आवाज होत नाही."

"शेजारच्यांकडे नव्हतं होत. मी विचारलं. माझ्याकडेच व्हायचं. रविवार सोडून."

रविवारी तिची सुट्टी असे. तिने डोळे पुसले. आजूबाजूला माणसं होती, पण तिला त्यांची पर्वा राहिली नाही.

"बाबा, ती मीच होते."

"नाहीतर कोण असणार? ती वाजल्याशिवाय मी चहा ठेवत नसे." त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. "बंद झाली तेव्हा वाटलं, पोरीला काही झालं की काय."

तिने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"ऐकतेयस ना? उद्यापासून ते टिण नको," वडील म्हणाले. "पुरती वाजव. मी उचलीन."