उत्तरेकडची भिंत

अब्रान आणि त्याची बायको बेनिता सांता फेच्या हॉस्पिटलातून परत निघाले होते. डॉक्टरांनी तिला उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली होती, पण कुठल्या महिन्यापर्यंत ते सांगितलं नव्हतं. अब्रान पिकअप सावकाश चालवत होता. गावाचं वळण आलं तेव्हा बेनिता म्हणाली, "बर्फ गेलं की उत्तरेकडच्या भिंतीवरचं सिमेंट फोड. मी आहे तोवर सारवून टाकते."

"आधी बरी तर हो."

"बरी व्हायला सांगितलेलं नाही मला. भिंत उघड."

ही भिंत म्हणजे मोंद्रागोन घराण्याच्या जुन्या घराची. दोनशे वर्षांपूर्वीचं मातीच्या विटांचं घर, दारावर राष्ट्रीय वारशाची पितळी पाटी, देखभाल बघायला एक ऑफिस. तिथे विटा रचायचं काम अब्रानचं आणि मातीचा गिलावा बेनिताचा. त्या गावात पूर्वापार असंच चालत आलं होतं. पुरुषांनी भिंत बांधायची, बायकांनी ती सारवायची. बेनिता हाताने लिंपायची आणि वर मेंढीचं ओलं कातडं फिरवून गुळगुळीत करायची.

बावीस वर्षांपूर्वी तिचे हात फुटून रक्त यायला लागलं, तेव्हा ती आईकडे गेलेली असताना अब्रानने उत्तरेकडच्या भिंतीवर सिमेंट चढवलं. दर दोन वर्षांनी चिखल तुडवण्यातून तेवढीच एक भिंत सुटेल, एवढाच त्याचा विचार. बेनिता परतली, तिने भिंतीवर हात ठेवला.

"आत पाणी गेलं तर बाहेर कुठून येणार?" तिने विचारलं, आणि आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

भिंत बाहेरून ठणठणीत दिसत होती. आत काय झालं असेल ते अब्रान जाणून होता. म्हणूनच मार्चमध्ये बर्फ गेलं तरी त्याने हातोडा उचलला नाही. एकदा शिडी मोडली म्हणाला. एकदा म्हणाला, घराच्या ऑफिसातून परवानगी आली नाही. परवानगीचं पत्र पिकअपच्या खणात पडून होतं.

मेच्या दोन तारखेला बेनिता गेली.

महिनाअखेर त्याने सिमेंट फोडलं. मागच्या विटा ओल्या पिठासारख्या हाताबरोबर निघून आल्या. त्याने खालपासून नव्या विटा घातल्या. त्यात ऑगस्ट संपला. ते त्याचं काम होतं, ते नीट झालं.

मग गिलावा. माती कुठली ते त्याला ठाऊक होतं, चाळीस वर्षं तोच आणून देत होता. वाळू किती, भुसा किती, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने भिंतीवर वेगवेगळ्या मिश्रणाचे हातभर हातभर सहा तुकडे लिंपून पाहिले. चार तडकले, दोन गळून पडले.

बेनिताची थोरली बहीण तोमासिता काठी टेकत बघायला आली.

"हे काय, गोधडी शिवतोयस का?"

"तुला येतं तर तू सांग."

"मला आलं असतं तर माझ्या घराला पत्रे मारले असते का मी?" ती उलट्या बादलीवर बसली. "परवानगीचं पत्र आलंय हे तिला ठाऊक होतं, बरं का. ऑफिसातल्या हॉलोवे बाई बोलून गेल्या होत्या तिच्यापाशी."

अब्रानच्या हातातली थापी तशीच राहिली. "मग मला बोलली का नाही?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, लाज वाटतेय त्याला. वाटू दे थोडी."

तडकलेला एक तुकडा थापीने खरवडत तो म्हणाला, "निदान तुला तरी प्रमाण सांगून ठेवायचं."

"प्रमाण असतं तर सांगितलं असतं. माती मुठीत दाबायची, आणि म्हणायची आता झालं. मला तर आधीची आणि नंतरची सारखीच वाटायची."

सप्टेंबरात हॉलोवे बाई दुरुस्तीच्या नोंदीचा फॉर्म घेऊन आल्या. वॉशिंग्टनला पाठवायचा होता.

"गिलाव्याचं मिश्रण, असा रकाना आहे, अब्रान. काय लिहू?"

"माहीत नाही, असं लिहा."

"तसं चालत नाही हो."

"मग तिचं नाव लिहा."

"तिथे आकडा लागतो."

"आकडा नाहीये आमच्याकडे," अब्रान म्हणाला.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. फॉर्म घेऊन त्या गेल्या.

ऑक्टोबरात पहाटेचं दव गोठायला लागलं. गोठलेल्या भिंतीवर गिलावा धरत नाही. अब्रानने विटांवर ताडपत्री ताणून बांधली आणि खाली दगड ठेवले. बाकीच्या तीन भिंतींवर बेनिताचा गेल्या वर्षीचा गिलावा आहे. तो आणखी एक उन्हाळा टिकेल. उत्तरेकडची भिंत सारवायची राहिली आहे.